मावशींच्या तोंडी घातलेलं वाक्य

मी लोकांसाठी लिहिते. कथा-कविता नव्हे, जाहिरातींचा मजकूर. सोलापुरात एका छापखान्यात मी बरीच वर्षं अक्षरजुळणी करत होते. लग्नपत्रिका, दुकानांची हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. लोक मजकूर घेऊन यायचे, त्यात चुका असायच्या, मी त्या गुपचूप दुरुस्त करून टाकायचे. हळूहळू लोक मजकूर आणेनासेच झाले. "ताई, तुमीच लिवा की काय तरी चांगलं," म्हणायचे. अशी मी लिहिणारी झाले. पुढे छापखाना सोडला, घरात खिडकीपाशी टेबल टाकलं आणि हॉटेलं, लॉन, कृषी पर्यटन केंद्रं यांच्या वेबसाइट आणि फलक लिहायला लागले.

गेल्या काही वर्षांत या धंद्यातल्या प्रत्येकाला एक पान हवं असतं. पर्यावरणासाठी आम्ही काय करतो, गावासाठी काय करतो, असं सांगणारं. पुण्याकडचे, हैदराबादकडचे पाहुणे खोली ठरवायच्या आधी ते वाचतात. हे पान लिहिण्यात माझा हात बसला होता. लोक फोन करून सांगायचे की तुमचं लिहिणं वाचून डोळ्यांत पाणी येतं. मला ते आवडायचं.

अक्कलकोटच्या पुढे, मैंदर्गी मागे टाकून दुधनीच्या बाजूला निघालं की रस्त्याला लागून एक कृषी पर्यटन केंद्र आहे. त्याच्या मालकांनी एका हिवाळ्यात मला बोलावलं. पन्नाशीचे गृहस्थ, पुण्यात कंपनीत होते, वडील गेल्यावर परत आले आणि शेतात आठ-दहा खोल्या बांधल्या. अक्कलकोटला दर्शनाला येणारी कुटुंबं तिथं उतरतात, आणि थंडीत हुरड्याला सोलापूरचे लोक येतात. मालकांनी मला सगळं फिरून दाखवलं. छपरावरचे सोलर, गोबरगॅस, प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी ठेवलेले माठ. कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला एक नळ होता. "इथून आम्ही गावाला पाणी सोडतो," ते म्हणाले. मी वहीत लिहून घेतलं.

कुंपणाच्या कडेनं एक लांब पट्टा नांगरलेला नव्हता. मी विचारलं, हे असं का? ते म्हणाले, "मेंढरं जातात इथून. वडिलांच्या वेळची वाट आहे. कुंपण घालताना मी ती आत घेतली नाही." मी एक फोटो काढला. बाभळी, दगड, वाळकं गवत. काही बरा दिसेना, म्हणून तिथंच पुसून टाकला.

मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो. स्वयंपाकघर म्हणजे एक मोठी पत्र्याची शेड. तिथं चार बायका कामाला होत्या. त्यांतल्या एक मावशी चुलीपुढे भाकरी थापत बसल्या होत्या. साठीच्या असतील. कपाळावर आडवं हिरवं गोंदण, हातात काचेच्या बांगड्या, आणि भाकरी फिरवताना त्या बांगड्या मागे सारायची एक सवय. पत्र्याच्या फटीतून ऊन बरोबर त्यांच्या गालावर पडलं होतं. मला त्या क्षणी कळलं की आपल्याला चेहरा मिळाला.

मी त्यांच्या शेजारी पाटावर बसले, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून तो पिठाच्या परातीजवळ ठेवला. त्यांचं मराठी कन्नडमध्ये मिसळलेलं होतं. त्या भागात घरोघरी तसंच बोलतात.

"मावशी, हे केंद्र झाल्यापासून गावात काय बदललं?"

"बदललं की. हितं काम मिळालं. आमी चौघी हाय."

"आणि पाण्याचं?"

"सोडत्यात की पानी. आठवड्यातनं दोन डाव."

त्या त्यापुढेही बोलल्या. त्या काय बोलल्या ते मी थोडं पुढे सांगणार आहे, कारण ते आपण नीट ऐकलंच नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. मी मान हलवत होते, आणि ऊन सरकायच्या आत फोटो काढायची मला घाई होती. फोटो काढल्यावर मी विचारलं, "मावशी, हा फोटो मोठा करून लावू का?" त्या हसल्या. "लाव की. मला काय हुतंय."

घरी येऊन मी दोन दिवसांत मजकूर लिहिला. सोलर, माठ, गोबरगॅस हे सगळं एका परिच्छेदात उरकलं. मावशींच्या फोटोखाली मात्र त्यांचेच शब्द म्हणून अवतरणचिन्हांत तीन वाक्यं टाकली: "पूर्वी पाण्यासाठी लांब पायपीट करावी लागायची. आता आमच्या गावातली एकही बाई पाण्यासाठी वणवण करत नाही. हे केंद्र म्हणजे आमचं माहेरच आहे."

माहेर हा शब्द सुचला तेव्हा मी उठून स्वतःसाठी चहा केला, इतकी खूश झाले होते.

मालकांनी मजकूर वाचला. एक-दोनदा वाचला. मग फोनवर म्हणाले, "ताई, हे जरा जास्त होत नाही ना?"

मी म्हणाले, "सर, आकडे आणि यादी कुणाच्या लक्षात राहत नाही. चेहरा राहतो. आणि पाणी तर तुम्ही देताच ना?"

"देतो, पण..."

"मग झालं तर."

ते गप्प बसले. मी त्यांना गप्प बसवलं, असं म्हणायला हवं. महाशिवरात्रीच्या सुमाराला फाटकाशेजारी, थेट रस्त्यावर, मोठा फ्लेक्स लागला. त्यावर मावशींचा चेहरा आणि खाली ती तीन वाक्यं. वेबसाइटवरही तेच. मालकांनी मला फोटो पाठवला आणि मी तो माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला.

त्या कामावरून मला आणखी कामं आली. वैशाखात सोलापुरात हॉटेलवाल्यांची आणि कृषी पर्यटनवाल्यांची एक कार्यशाळा झाली. विजापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये, बाहेर अंग भाजत असताना आत एसीत. विषय होता, आपण करतो ते चांगलं काम पाहुण्यांपर्यंत कसं पोचवायचं. त्यावर बोलायला मला बोलावलं होतं. पोचमपल्लीची साडी नेसून मी गेले. पडद्यावर मावशींचा चेहरा भिंतीएवढा मोठा दिसत होता. मी सांगितलं, "तुम्ही काय करता ते तुम्ही सांगू नका. ज्यांच्यासाठी करता त्यांना बोलू द्या." टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या दोघांनी ते वाक्य लिहून घेतलेलं मी पाहिलं.

चहाच्या वेळी एक बाई माझ्याजवळ आल्या. पस्तिशीच्या, सुती साडी, काखेत पर्स. बचत गटाची शेंगाचटणी हॉटेलांना देतात, म्हणून आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की त्या त्याच गावच्या, ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत.

"मॅडम, त्ये वाक्य अक्कानं सांगितलं व्हय तुमाला?" गावात सगळे मावशींना अक्का म्हणत.

"म्हणजे... त्यांच्या बोलण्यावरून लिहिलं."

"तसं न्हाय. त्या तशा म्हनल्या का?"

मी म्हटलं, "शब्द थोडे माझे आहेत." आणि हसले. त्या हसल्या नाहीत.

"आमी यंदा टँकरचा अर्ज दिलता," त्या म्हणाल्या. "वड्यातली हीर तळाला गेलीया. पाहणीला एक मानूस आला. गावात शिरायच्या आदी त्यानं तुमचा फलक बघितला, त्याचा फोटू काढला. म्हनला, तुमचीच बाई म्हनतीया की एकबी बाई पान्यासाठी फिरत न्हाय, मग टँकर कशाला? अर्ज तसाच पडलाय."

त्या पुढे म्हणाल्या, "बाया अक्कासंगं बोलत न्हाईत. म्हनत्यात, पैल्यांदा फोटू काढून घेतला, आता गावाचं पानी तोडलं. आनि अक्काला काय झालंय त्येच कळंना. तिला कन्नड वाचता येतं, चौथीपतुर कन्नड शाळेत गेलीया. मराठी वाचता येत न्हाय. तिला वाटतंय, तिचा फोटू मोठा लावला म्हनून बाया जळत्यात."

त्या वेळी माझ्या मनात आधी काय आलं ते लिहायचं तर लाज वाटते, पण तेच खरं आहे. मी आधी आजूबाजूला बघितलं, हे कुणी ऐकलं का म्हणून. चहाच्या टेबलापाशी दोन हॉटेलवाले आपसात बोलत होते. त्यांनी ऐकलेलं दिसलं नाही, आणि मला हायसं वाटलं. "मी बघते काय करता येईल ते," असं मी त्या बाईंना म्हणाले, ऑफिसातली माणसं म्हणतात तशा आवाजात. मग मी आत जाऊन जेवले. जेवताना दोघांना माझं कार्ड दिलं. कार्यशाळा संपेपर्यंत थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जुनं रेकॉर्डिंग शोधून काढलं. खरं तर शोधावं लागलं नाही. ते कुठं आहे मला माहीत होतं. मावशींचा आवाज आला, मागे भाकरी थापल्याचा आवाज.

"सोडत्यात की पानी. आठवड्यातनं दोन डाव. पावसाळ्यात सोडत्यात, थंडीत सोडत्यात. उन्हाळ्यात न्हाय सोडत. उन्हाळ्यात पाव्हण्यांच्या आंगुळीला लागतं की. मग आमी वड्याच्या हिरीला जातोय. बेसगीला नीरु इल्ल, बाई. उन्हाळ्यात पानीच न्हाय."

दोन भाषांत सांगितलं होतं त्यांनी. म्हणजे मला कळावं म्हणून मुद्दाम. आणि त्यावर माझा आवाज होता: "हां हां, छान. मावशी, जरा माझ्याकडं बघा ना, चुलीकडं नको."

मी मोबाइल बंद केला. मग ती वही काढली. त्या दिवशी घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकत मी टिपणं काढली होती. पानावर माझ्याच अक्षरात होतं: "पाणी, आठवड्यातून दोनदा, पावसाळा व थंडी." त्यापुढे काही नव्हतं. म्हणजे मी ऐकलं होतं. घाईत निसटलं नव्हतं. उन्हाळ्याचं वाक्य मी ऐकलं आणि ते उतरवून घेतलं नाही, कारण ते पानावर बसत नव्हतं.

रविवारी मी एसटीनं अक्कलकोटला आणि पुढे वडापच्या जीपनं त्या गावच्या फाट्यावर उतरले. फलक समोरच होता. उन्हानं रंग थोडे उडाले होते, पण अक्षरं ठळक होती. मी त्याच्यापुढून मान खाली घालून गेले. सदस्यबाईंना आधी फोन केला होता. त्या मला ओढ्याकडे घेऊन गेल्या.

सकाळचे दहा वाजले असतील. विहिरीपाशी वीसेक बायका रांगेत होत्या. विहीर खोल आणि पाणी तळाला, त्यामुळे एक पोहरा वर यायला फार वेळ लागत होता. आधीच्या बाईची घागर भरेपर्यंत पुढच्या बाईनं उभं राहायचं. रांगेच्या शेवटी थोडं अंतर सोडून मावशी उभ्या होत्या. मला बघितल्यावर त्यांचं तोंड उजळलं.

"फोटूवाली बाई आली की!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. रांगेतलं कुणीच काही बोललं नाही. त्या माझ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आलीस. ह्या बायकांना जरा सांग की, फोटू मी मागितला न्हवता. तूच काढलास म्हनून."

मी म्हणाले, "मावशी, फोटोचं नाही हे. फोटोखाली जे लिहिलंय त्याचं आहे."

"काय लिवलंय?"

मी सांगायला लागले, की पाण्याबद्दल थोडंसं असं, म्हणजे तुम्ही खूश आहात असं. त्यांनी हात वर केला. "तसं नगं. हाय तसं वाच."

मी मोबाइलवर फलकाचा फोटो उघडला आणि वाचलं. चार दिवसांपूर्वी याच ओळी मी हॉलमध्ये माइकवर वाचल्या होत्या, कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा हे ठरवून. इथं वीस रिकाम्या घागरींपुढे "एकही बाई वणवण करत नाही" हे शब्द मी मोबाइलवरची नजर न उचलता वाचले. सदस्यबाई एकेक वाक्य कन्नडमध्ये सांगत होत्या. माहेरच्या वाक्यावर रांगेतली एक तरुण सून फिस्सकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला.

मावशी हसल्या नाहीत. "हे मी म्हनले?"

"नाही."

"मग कोन म्हनलं?"

"मी लिहिलं."

"माझ्या तोंडाखाली?"

"हो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत मला राग दिसला असता तर बरं वाटलं असतं. त्यांना खरंच कळत नव्हतं, की कुणी असं का करेल. मग त्या एकदम रांगेकडे वळल्या आणि कन्नडमध्ये बोलायला लागल्या. पुष्कळ वेळ बोलल्या, हात हलवत. एकेका बाईकडे बोट करत. बायका माना खाली घालायला लागल्या. मला वाटलं त्या माझ्याबद्दल सांगतायत. मी सदस्यबाईंना विचारलं.

"तुमचं न्हाय," त्या म्हणाल्या. "ती इचारतीया, तुमच्यापैकी दहाजनींना मराठी वाचता येतंय. रोज त्या फलकापुढनं जाताय. एकीनं बी मला वाचून दावलं न्हाय. मला न बोलता दोन महिने काढलासा."

मग ती हसलेली सून पुढे आली, मावशींची घागर त्यांच्या हातातून घेतली आणि रांगेत स्वतःच्या पुढे नेऊन ठेवली. मावशींनी ती ठेवू दिली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मावशींनी ते पाहिलं. "रडू नगस," त्या म्हणाल्या, मायेनं नव्हे, कामाच्या घाईत बोलल्यासारखं. "लिवता येतंय नव्हं तुला? मग लिवून दे, मी असं म्हनले न्हाय म्हनून."

ओढ्याच्या काठच्या दगडावर बसून मी वहीच्या पानावर पत्र लिहिलं, टँकरच्या अर्जाला जोडायला. फलकावरची वाक्यं माझी आहेत, या बाई असं बोललेल्या नाहीत, मी त्यांच्या तोंडी ते घातलं. उन्हाळ्यात गावातल्या बायका ओढ्याच्या विहिरीवर जातात. हे केंद्र गावाला पाणी देत नाही. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, सदस्यबाईंनी कन्नडमध्ये सांगितलं. मावशींनी मला मध्येच थांबवलं.

"देत न्हाय असं का लिवलंस? देत्यात की. पावसाळ्यात देत्यात, थंडीत देत्यात. उन्हाळ्यात तेवढं न्हाय. आता ह्या अंगानं खोटं लिवू नगस."

इतकी वर्षं लोकांच्या मजकुरातल्या चुका मी दुरुस्त केल्या. माझ्या मजकुरातली चूक मला त्या दिवसापर्यंत कुणी अशी दाखवली नव्हती. मी ते वाक्य खोडलं आणि त्या म्हणाल्या तसं लिहिलं. महिनेही लिहिले. मी सही केली, त्यांनी खाली कन्नडमध्ये सही केली, सावकाश, गोल गोल अक्षरांत. सदस्यबाईंनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

तिथून मी केंद्रावर गेले. मालक खोल्यांच्या मागे पाइपलाइन दुरुस्त करून घेत होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता खाली कट्ट्यावर बसले.

"मी तुम्हाला विचारलं होतं, ताई. जास्त होत नाही ना, म्हणून."

"हो, विचारलं होतंत."

"ते लोक आमच्या वडिलांपासूनचे ओळखीचे आहेत. त्यांना काय वाटलं असेल?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "मी पण त्याच फलकापुढून रोज जातो."

त्यांनी त्याच आठवड्यात फ्लेक्स उतरवला आणि वेबसाइटवरचा मजकूरही काढून टाकला. माझ्यावर ओरडले नाहीत. पण माझा फोन त्यांनी पुढे बरेच महिने उचलला नाही.

टँकर आला, पण मृग तोंडावर आल्यावर. माझ्या पत्रामुळे पाहणी पुन्हा झाली, की तशीही होणारच होती, हे मी सदस्यबाईंना विचारलं नाही. विचारायची इच्छा खूप होती. "तुमच्यामुळं झालं" असं कुणीतरी म्हणावं असं मला वाटत होतं, हे माझ्या लक्षात आलं, म्हणून नाही विचारलं.

मावशींचं मात्र नुकसान झालं. पुढच्या थंडीत हुरडा सुरू झाला तेव्हा त्यांना भाकरीला बोलावणं आलं नाही. कुणी त्यांना काढलं असं नाही. मालक पुढे मला म्हणाले की त्यांना मावशींपुढे उभं राहायला अवघड वाटायचं, म्हणून आज बोलावू, उद्या बोलावू करत हंगाम गेला. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. मलाही तसंच अवघड वाटत होतं. आम्हा दोघांच्या अवघडलेपणाची शिक्षा तिसऱ्याच बाईला झाली.

कार्यशाळेत ज्यांना कार्ड दिलं होतं त्यांच्यापैकी एकांचा फोन आला. पंढरपूर रस्त्यावर त्यांचं रिसॉर्ट आहे. "त्या भाकरीवाल्या बाईंसारखं आमचं पण करा की," म्हणाले. मी त्यांना घडलेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एवढं मनाला काय लावून घ्यायचं, मॅडम? सगळे असंच करतात." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी ते काम घेतलं नाही. पण तीन-चार वर्षांपूर्वी लिहिलेली अशी आणखी किती पानं माझी कुठं कुठं लागलेली आहेत, त्यांतल्या कुणाकुणाच्या तोंडी मी काय घातलंय, हे आठवत बसले. दोन ठिकाणी फोन करून मजकूर काढायला सांगितला. एका ठिकाणी काढला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "पाहुण्यांना आवडतोय, राहू द्या." तो अजून आहे.

थंडी संपत आली तेव्हा केंद्राच्या मालकांचा फोन आला. "पाहुणे विचारतात, गावासाठी काय करता. वेबसाइटवर ते पान रिकामं आहे. या वेळेला आहे तेवढंच लिहा." मी दोनदा जाऊन आले. पावसाळा आणि थंडीत आठवड्यातून दोन दिवस गावाला पाणी सोडतो. उन्हाळ्यात सोडत नाही. अमुक इतक्या बायका कामाला आहेत, हंगामापुरत्या. मेंढरांची जुनी वाट कुंपणाबाहेर मोकळी ठेवली आहे. ते वाटेचं वाक्य लिहिताना मला कळलं की मालकांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम पहिल्या वेळी मी फोटो चांगला येत नाही म्हणून सोडून दिलं होतं. हे सगळं ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बायकांना वाचून दाखवलं, कन्नडमध्येही सांगितलं. मावशी आल्या नाहीत.

मालकांनी मजकूर वाचला. "हे वाचून कोण येणार, ताई?" म्हणाले. मग त्यांचं बोट "उन्हाळ्यात सोडत नाही" या ओळीवर थांबलं. "हे फार वाईट दिसतंय."

"काढू का?" मी विचारलं. मन घट्ट करून विचारलं, कारण काढा म्हणाले असते तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

"नको," ते म्हणाले. त्या उन्हाळ्यात त्यांनी आठवड्यातून एक दिवस नळ चालू ठेवला आणि खोल्यांमधले शॉवर बंद करून बादल्या ठेवल्या. मला फोन करून ओळ बदलायला सांगितली. मी आधी सदस्यबाईंना विचारलं, खरंच येतंय का पाणी. त्या म्हणाल्या, "येतंय की. थोडं येतंय." मी "थोडं" हा शब्दही घातला.

मावशींना मी त्यानंतर एकदाच भेटले, त्यांच्या घरी. त्या आणि त्यांची सून आता घरीच कडक भाकरी करून अक्कलकोटच्या एका दुकानात देतात. ओसरीवर पातळ भाकऱ्यांच्या चवडी होत्या, सून त्या पिशव्यांत भरत होती. मावशींनी मला पाणी दिलं, चहा दिला. पूर्वीसारख्याच बोलल्या, कपाळावरचं गोंदण वर उचलत हसल्याही. मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही.

मी म्हणाले, "मावशी, पिशवीवर लावायला एखादं लेबल करून देऊ का? मी लिहिते, छापूनही आणते."

त्यांनी हातातली भाकरी चवडीवर ठेवली.

"नगं," त्या म्हणाल्या. "तू लई चांगलं लिवतीस."

सुनेनं माझ्याकडे बघितलं आणि मग पिशव्यांकडे. मी चहा संपवला. थोड्या वेळानं सुनेनंच एका वहीचं पान फाडलं, त्याच्या पट्ट्या केल्या आणि प्रत्येक पट्टीवर वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत लिहायला लागली: कडक भाकरी, ज्वारीची. मावशी वाकून कन्नड ओळ वाचत होत्या, एकेका अक्षरावर बोट ठेवून. मी निघते म्हणाले. त्यांनी मान न उचलता "ये" म्हटलं.